टिकलीखालचा दिवा

"तुमचा दिवा दिसत नाही म्हणे," असं म्हणून चांदवडकर साहेबांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागले.

फोनवर उमेश लोणारी नावाचा माणूस होता. तो चाकणला नोकरीला, आईवडील येवल्याला. वडिलांना फुफ्फुसाचा आजार, म्हणून त्याने आमच्या कंपनीचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन घरी बसवलं होतं. रोज संध्याकाळी तो आईला फोनच्या कॅमेऱ्यातून यंत्रावरचा दिवा दाखवायला सांगे. हिरवा दिसला की त्याचा जीव भांड्यात पडे. गेला आठवडाभर मात्र दिव्याच्या जागी काळं दिसत होतं. यंत्राचा आवाज येत होता, वडिलांच्या नाकाशी हवा येत होती, आई म्हणत होती की सगळं ठीक आहे. दिवा तेवढा नव्हता. उमेशचा आवाज चढलेला नव्हता. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, की ज्यांना साधा दिवा धड लावता येत नाही त्यांनी आत काय लावलं असेल, याचा तो विचार करतोय.

मी म्हणाले, मी स्वतः येऊन बघते.

ही बरीच जुनी गोष्ट आहे. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी होती आणि तो दिवा माझा होता. म्हणजे दिवा माझा नव्हता, दिव्याचा प्रकाश बाहेर आणणारी नळी माझी होती. यंत्राच्या पोटात खोलवर सर्किटचा बोर्ड असतो आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी. तो माणसाला दिसायचा तर त्याचा प्रकाश बोर्डापासून यंत्राच्या तोंडापर्यंत आणावा लागतो. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा करंगळीएवढा तुकडा असतो, त्याला लाइट पाइप म्हणतात. आमच्याकडे सगळे नळीच म्हणायचे, जरी ती आतून भरीव होती. प्रकाश एका टोकाने आत शिरतो आणि आतल्या आत कडांवर आपटत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. कडा आरशासारख्या गुळगुळीत हव्यात. एक ओरखडा आला की तिथून गळतो. वळण काटकोनात दिलं तर वळणावरच निम्मा सांडतो, ऐसपैस दिलं तर मुकाट्याने वळतो. बाहेरचं टोक तेवढं मुद्दाम खरखरीत ठेवायचं, म्हणजे प्रकाश नाकासमोर न जाता चहूकडे पसरतो.

एवढंच काम मी वर्षभर केलं. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मंजिरी काय करते, तर माझी आई सांगायची, मेडिकलमध्ये आहे.

साहेबांची अट एकच होती. पेशंट खोलीत कुठेही असो, कसाही पडलेला असो, त्याला दिवा दिसला पाहिजे. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत एक लोखंडी खाट आणवली. दुपारचं जेवण झालं की ते खाटेवर आडवे होत आणि दिवा दिसतो का ते तपासत. बराच वेळ तपासत. उठले की म्हणत, "डाव्या कुशीवरून कमी वाटतो." मी पुन्हा वळण बदलायची, पुन्हा साचा दुरुस्त करून घ्यायची. शेवटी डाव्या कुशीवरूनही दिसेल असा दिवा झाला. हिरवा असेल तर सगळं ठीक; पिवळा झाला तर यंत्र चालू आहे पण ऑक्सिजन कमी पडतोय; आणि लाल झाला तर भोंगा. खोलीत कुठेही बसा, दिवा तुमच्याकडे बघणार, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकत होते.

म्हणून येवल्याची तक्रार मला जरा लागली. दुरुस्तीचा माणूस रजेवर होता, नसता तरी मी गेलेच असते. पिशवीत चार नव्या नळ्या, स्क्रू ड्रायव्हर आणि सुटे भाग घेऊन मी सकाळच्या एसटीने निघाले. वाटेत मी मनातल्या मनात सगळ्या शक्यता मांडल्या. नळी निसटली असेल, एलईडी गेला असेल, कुणीतरी स्पिरिटने पुसून प्लास्टिकला चिरा पाडल्या असतील. येवलं येईपर्यंत माझं मत चिरांवर पक्कं झालं होतं.

लोणारींचं घर म्हणजे पुढे पिठाची गिरणी आणि मागे दोन खोल्या. गिरणी काकांनी आयुष्यभर चालवली, आता पुतण्या चालवत होता. मी पोहोचले तेव्हा बाजरी दळणं चालू होतं आणि पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. दारात उमेशच्या आई उभ्या होत्या, अनसूयाकाकू. सडपातळ, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, कपाळावर शर्टाच्या बटणाएवढी मरून टिकली. त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या की उमेशने उगीच तुम्हाला एवढ्या लांब पळवलं.

आतल्या खोलीत खाट, आरशाचं कपाट आणि आमचं यंत्र, एवढ्यानेच खोली भरली होती. खाटेवर लोणारीकाका दोन उशांना टेकून बसले होते. अंगापिंडाने थोराड माणूस, पण कपडे एका मापाने मोठे झालेले. नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी मान हलवून मला बसायला सांगितलं. त्यांना बोलायला दम लागे, त्यामुळे ते शब्द जपून वापरत.

यंत्र खाटेच्या पायथ्याशी होतं. मी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले. दिव्याच्या जागी एक मरून ठिपका होता. बोट लावून बघितलं तर मऊ लागला. आमच्या यंत्रावर मखमल कुठेच वापरलेली नव्हती.

"काकू, ही टिकली आहे," मी म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

मी नख लावणार तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लगेच काढू नका ताई. जरा आत या, चहा टाकलाय."

स्वयंपाकघर लागूनच होतं. तिथे काकूंनी गॅस बारीक केला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. यंत्र आलं त्या दिवशी डॉक्टरांनी काकांना समजावलं होतं, हिरवा आहे तोवर काळजी नाही, पिवळा झाला तर लक्ष द्यायचं. काकांनी ते फार मनावर घेतलं. दिवसभर ते दिव्याकडे बघत. जेवताना घास हातात धरून दिव्याकडे बघत. कोणी भेटायला आलं तर त्याच्याशी बोलताना मध्येच त्याच्या खांद्यावरून दिव्याकडे बघत. काकू रात्री उठल्या की त्यांना अंधारात काकांचे दोन डोळे दिसायचे, दोन्हींत हिरवा ठिपका. महिनाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पाठ केली तरी कपाटाच्या आरशात दिवा दिसायचाच. उशी इकडची तिकडे केली, खाट फिरवली, दिवा हटेना.

"कुठूनही दिसतो हो तो," काकू म्हणाल्या.



मग एका सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी कपाळाला नवी टिकली लावली आणि जुनी नेऊन दिव्याला लावली. काका बघत होते. त्या रात्री त्यांनी डोळे मिटले. तेव्हापासून ते रोज रात्री भिंतीकडे तोंड करून शांत झोपत होते. यंत्राचा आवाज कानावर असतोच, काकू म्हणाल्या, तो थांबला तर कळेलच की.

मी त्यांना सांगितलं की तसं नसतं. ऑक्सिजन कमी पडला तरी मोटार तशीच चालते, आवाज तोच येतो. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि चहा गाळला.

आम्ही खोलीत आलो. मी टिकलीच्या कडेला नख लावून ती उचलली.

दिवा पिवळा होता. चांगला ठळक, काठोकाठ भरलेला पिवळा. माझ्या नळीत काहीही दोष नव्हता.

मी यंत्राच्या मागचं झाकण काढलं. हवा आत घ्यायच्या जागेवर स्पंजची चाळणी असते; ती पांढरी झाली होती. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. गिरणी आणि खोली यांच्यामध्ये एक दार आणि एक पडदा एवढंच होतं. यंत्र बिचारं दिवसभर बाजरी ओढत बसलं होतं. पिशवीत नवी चाळणी होती ती बसवली, जुनी काकूंना धुवायला दिली, यंत्र पायथ्याकडून काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं आणि दाराची फट ओल्या फडक्याने बंद केली. मग आम्ही तिघंही दिव्याकडे बघत बसलो. काका तर आधीपासूनच बघत होते. बराच वेळ तो पिवळाच राहिला. मग अचानक हिरवा झाला. हळूहळू काकांचे खांदे, जे इतका वेळ कानांशी आले होते, खाली उतरले.

"बरं वाटतंय," ते म्हणाले.

काकू कपाटाला टेकून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. दूध नासलं का हे विचारावं तशा स्वरात त्या मला म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांचा श्वास झाकून ठेवला होता."

मी म्हणाले, वेळेवर कळलं. आणखी काय म्हणणार?

उमेशचा फोन आला. काकूंनी तो माझ्याकडे दिला. मी सांगितलं की चाळणी पिठाने भरली होती, बदलली, आता सगळं ठीक आहे. त्याने विचारलं, दिवा का दिसत नव्हता? मी म्हणाले, समोर काहीतरी आलं होतं. ते खरंच होतं. मग तो आईशी बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही, पण काकू बराच वेळ नुसतं "हो रे" म्हणत होत्या आणि त्यांनी एका हाताने खाटेवरची चादर दोनदा सारखी केली, जी आधीच सारखी होती.

टिकली अजून माझ्या बोटालाच होती. काकूंनी ती काढून घेतली आणि आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली.

"म्हणजे आता पुन्हा जागरणं," त्या म्हणाल्या.

टिकली तिथे ठेवून मला जाता येत नव्हतं आणि काढून जाणंही जड होतं. दिवा झाकला तर धोका, उघडा ठेवला तर माणूस झोपेवाचून खंगणार. मी काकूंना विचारलं, तुम्ही कुठे झोपता? त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीकडे बोट केलं. खोलीत जागाच नव्हती. दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीत, आता जिथे यंत्र लावलं होतं त्याच्या थोडं वर, एक जुनं भोक होतं. पूर्वी तिथून गिरणीची वायर गेली होती. मी त्या भोकाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन, कारण काकू म्हणाल्या, "उंदीर नाही येत त्यातून."

मी त्यांना सांगितलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. तोवर रात्रीपुरता दिव्यावर रुमाल टाका, पण मधूनमधून उचलून बघा, आणि चाळणी रोज झटका.

नाशिकला परतल्यावर मी चांदवडकर साहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे दिवा दिसतो," ते म्हणाले.

"फार दिसतो."

"डाव्या कुशीवरून?"

"सगळीकडून, साहेब."

ते प्रयोगशाळेत जाऊन खाटेपाशी थोडा वेळ उभे राहिले. त्या दिवशी आडवे झाले नाहीत. मी त्यांना माझी कल्पना सांगितली. प्रकाश बोर्डापासून यंत्राच्या तोंडापर्यंत आणता येतो, तर तिथून भिंतीपलीकडेही नेता येईल. काकांना दिसणार नाही, काकूंना दिसेल. दिवा ज्याच्यासाठी आहे त्याच्यासमोर असला म्हणजे झालं. साहेब म्हणाले, यंत्राला भोक पाडायचं नाही, स्क्रूला हात लावायचा नाही, वरून बसेल आणि हाताने निघेल असं काय ते करा, आणि मुलाला आधी सांगा. मी उमेशला फोन करून टिकलीसकट सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "करा मॅडम."

आमच्याकडे एका पुरवठादाराने नमुना म्हणून दिलेलं लवचीक नळीचं वेटोळं पडलं होतं. पेन्सिलीपेक्षा बारीक, आतून पारदर्शक, वर काळं आवरण, वाकवाल तशी वाकणारी. मी काळ्या प्लास्टिकची एक टोपी केली, दिव्यावर घट्ट बसेल अशी, आणि तिच्या मधोमध नळीचं टोक बसवलं. ते टोक पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरवर घासून घासून काचेसारखं केलं. टेबलावर लावून बघितलं. एवढ्या लांब जाऊनही बिंदू चांगला उजळ दिसत होता. मी खूश झाले.

दुसऱ्या खेपेला काकूंनी माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. मी टोपी बसवली, नळी जुन्या भोकातून पलीकडे घेतली, प्रत्येक वळण ऐसपैस ठेवलं आणि दुसरं टोक खरखरीत करून मिसळणाच्या डब्याच्या फळीखाली आणलं. तिथे हिरवा ठिपका उमटला. खोलीत यंत्राच्या तोंडावर आता नुसती काळी टोपी होती. काकूंनी ठिपक्याकडे बघितलं आणि सवयीने हात जोडले. नंतर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदराने उगीच फळी पुसली.

गिरणीच्या थरथरीने नळी भिंतीला चिकटेना. काकू पुतण्याला गिरणी थोडा वेळ बंद ठेव सांगायला पुढे गेल्या. मी खोलीत अवजारं आवरत होते. काकांनी बोटाने मला जवळ बोलावलं.

"तिला दिसणार आता?"

"हो काका. तुम्हाला त्रास नाही."

त्यांनी थोडा दम खाल्ला. "मग ती झोपायची नाही."

मी म्हणाले, त्या कशाला जागतील, मध्ये उठल्या तर नजर टाकतील एवढंच. काकांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मी झोपत नाही," ते म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते. "डोळे मिटून पडतो. मी दिव्याकडे बघायचो, ती माझ्याकडे बघत बसायची. महिनाभर. दिवसा उभ्याउभ्या पेंगायची. एकदा तवा पडला पायावर. मग तिने टिकली लावली. म्हटलं, बरं झालं. मी डोळे मिटले. त्या रात्री घोरली ती."

"पण काका, दिवा पिवळा होता तेव्हा तुम्हाला दम लागला असेल."

"लागला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर टिकली काढली असती तिने."

गिरणीचा आवाज बंद झाला. अचानक इतकं शांत झालं की यंत्राचा श्वास खोलीभर ऐकू येऊ लागला. काकांनी माझ्या हातातल्या वेटोळ्याकडे बघितलं. त्यात अजून बरीच नळी शिल्लक होती.

"मला द्या एक," ते म्हणाले. "भिंतीच्या बाजूला. तिला कळायला नको. मी जागाच असतो, मलाच बघू दे."

मला विचार करायला वेळ नव्हता. पुढच्या खोलीतून काकूंचा पुतण्याशी बोलण्याचा आवाज येत होता. मी एवढंच म्हणाले, की पिवळा झाला तर हाक मारायची. लगेच. तवा, झोप, काही बघायचं नाही. काकांनी मान डोलावली. मी म्हणाले, तोंडाने सांगा. ते म्हणाले, "हाक मारीन."

मी टोपी काढली. मधलं भोक कानशीने रुंद करून त्यात शेजारी दुसरं टोक बसवलं, नळी यंत्रामागून फरशीच्या कडेने खाटेखाली नेली आणि गादी आणि भिंत यांच्यामधून वर काढून काकांच्या उशीशी आणली. टोक घासायला पॉलिश पेपर हातात होताच. तिथे गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका उजळला. वर्षभर मी प्रकाशाच्या एकेका टक्क्यासाठी साचेवाल्याशी भांडले होते. त्या दुपारी मी अर्धा प्रकाश पाच मिनिटांत देऊन टाकला.

काकू परत आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "मघाशी जरा जास्त होता का हो हा?"

"डोळे सरावले तुमचे," मी म्हणाले.

काका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. काकूंनी दारातून डोकावून बघितलं आणि मला हातानेच खुणावलं, हळू बोला, लागली झोप.

त्यानंतर तक्रार आली नाही. उमेशचा अधूनमधून फोन यायचा, चाळण्या मागवायला. मी काकांची चौकशी करायची. तो म्हणायचा, आहेत तसे आहेत, पण आईची तब्येत सुधारली. आमच्या पुढच्या यंत्रात मी दिव्याला सरकतं झाकण दिलं आणि बाजूला नळी जोडायला जागा ठेवली. साहेबांनी विचारलं, ही कशाला? मी म्हणाले, ज्याला लागेल त्याला. त्यांनी खाट मात्र ठेवली.

काका आणखी दोनेक वर्षं होते. थंडीत न्यूमोनिया झाला आणि नाशिकच्या दवाखान्यात वारले. मी भेटायला जाऊन आले होते, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि काकूंशी बोलणं झालं नाही. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांचा फोन आला. नांदगावला त्यांच्या माहेरच्या ओळखीत एका घरी यंत्राची गरज होती, त्यांनी ते देऊन टाकायचं ठरवलं होतं. तुमच्या त्या नळ्या काढून घ्या, म्हणाल्या, मला जमत नाही.

नळ्या म्हणाल्या, नळी नाही, हे एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी पोहोचले तेव्हा खाट भिंतीपासून ओढलेली होती. यंत्र पुसूनबिसून मधोमध ठेवलं होतं आणि टोपीतून निघालेल्या दोन नळ्या जमिनीवर सरळ मांडलेल्या होत्या. एक स्वयंपाकघराकडे, एक खाटेकडे. काकू स्टुलावर बसल्या होत्या.

"हा माझा दिवा," त्या म्हणाल्या. "हा त्यांचा."

मी विचारलं, "खाट ओढल्यावर दिसलं का?"

"पहिल्याच रात्री दिसलं, दाराशी पडल्यापडल्या. अंधारात त्यांच्या गालावर हिरवं. आधी मला वाटलं काजवा बसला. हाकलायला उठणार होते. मग बघितलं तर पापण्या हलत होत्या."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्यांना वाटत होतं मी झोपलेय. म्हटलं, वाटू दे. पडून राहिले. आणि मग खरंच झोप लागली हो मला. कुणीतरी जागं आहे म्हटल्यावर लागते." त्यांनी पदर सरळ केला. "माझ्या फळीखालच्या दिव्याकडे रात्री मी कधी बघितलंच नाही. जाग आली की त्यांचा गाल बघायचा. हिरवा असला की कूस बदलायची."

मी विचारलं, कधी पिवळा झाला होता का? काकू म्हणाल्या, एकदा. पावसाळ्यात, वीज जाऊन आली होती त्या रात्री. त्यांना जाग आली आणि गाल पिवळा दिसला. त्या उठणार होत्या, पण थांबल्या. यांना दिसलंय, म्हटलं बघू काय करतात. काका थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग त्यांनी मोठी जांभई दिली, उगीच घसा खाकरला आणि आत्ताच झोपमोड झालेल्या आवाजात हाक मारली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अगं, ऐकतेस का, जरा चाळणी बघतेस? मला जाग आली सहज." काकू यंत्राकडे बघत होत्या. "मग मीही डोळे चोळत उठले. म्हटलं, आले हं, गाढ लागली होती. चाळणी बदलली. हिरवा होईपर्यंत दोघं बसलो. मी तिकडे जाऊन माझ्या ठिपक्याकडे बघितलं, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं."

बाहेर गिरणी चालू होती. मी खाली बसून टोपी दिव्यावरून काढली आणि नळ्या गुंडाळू लागले. काकूंनी हात पुढे करून मला थांबवलं.

नांदगावला पेशंट ती बाई आहे, त्या म्हणाल्या, आणि घरात नवरा, सासू आणि एक मुलगी. मी म्हणाले, मग यातली एक नळी बरोबर देऊ का, मुलीच्या खोलीत लावता येईल. बसवायची कशी ते मी जाऊन दाखवीन.

"दोन्ही द्या," काकू म्हणाल्या. "त्या घरात कोण जागं असतं ते आपल्याला काय माहीत."